आजीला कार्डं टाकालोय, चारातलं एकच पोचलं. अजून कोण पोस्टकार्ड पाठवतंय काय?

शहापूरचा माग:

नमस्कार मंडळी. प्रश्न बारका आहे, हसू नका. माझी आई चंदगड तालुक्यात असते, वेंगुर्ला रोडनं शिनोळी सोडली की पुढं आत, इथनं, म्हणजे बेळगावच्या शहापुरातनं, स्कूटरवर पाऊण तास. कितीदा म्हटलं शहापूरला ये, पण गोठ्यात म्हैस आहे, म्हैस शहापूरला येत नाही म्हणून आई पण येत नाही. फोन घेऊन दिलाय पण कानाला कमी झालंय, आपण काय पण सांगितलं की हां हां म्हणते, जेवलास काय विचारते आणि ठेवते. व्हिडिओ कॉल केला तर नुसतं कपाळ दिसतं. डोळे मात्र मोतीबिंदू काढल्यापासून चांगले, चौथीपर्यंत शिकलीय, पेपर आला की वाचते.

तर गणपतीचं सामान काढताना माळ्यावर वडिलांची जुनी कार्डं सापडली, तारेला ओवलेली. ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, खाली वाकवलेली जाड तार असायची खुंटीला, आलेलं कार्ड वाचून झालं की त्यात खुपसायचं. त्यामुळं प्रत्येक कार्डाच्या मधोमध भोक आणि ते नेमकं कुणाच्या तरी नावावर. माझ्या पोरीला (पाचवीत आहे, शाळा इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड, मराठी घरात बोलण्यापुरतं) ते भारीच आवडलं. वर ॥ श्री ॥, मग साष्टांग नमस्कार वि. वि., मग जागा संपत आली की अक्षर बारीक बारीक होत गेलेलं आणि शेवटी कडेला आडवं 'ता.क. पाटलांची गाय व्याली'. पोरगी म्हणाली पप्पा ह्यात गाय व्यालेलीच मेन बातमी आहे, ती कडेला का लिवली.

मग काय, दहा रुपये देऊन वीस कार्डं आणली. अजून ५० पैशालाच आहे बरं का, आणि ५० पैसे कुणाकडं नसतातच त्यामुळं एक मागायला गेलं तर दोन घ्यावी लागतात. महिन्याभरात चार टाकली आजीला. पहिलं पोचलं, मी गेलो तेव्हा देव्हाऱ्यात गणपतीच्या फोटोला टेकवून ठेवलेलं. दुसरं नऊ दिवसांनी आमच्याच दारात आलं परत. तिसऱ्या चौथ्याचा पत्ता नाही. आईला विचारलं मिळालं काय, हां हां म्हणाली. ह्यावर काय समजायचं सांगा.

आता प्रश्न. पत्ता मराठीत घातला म्हणून अडकतंय काय? का मधी बॉर्डर आहे म्हणून? गल्लीतल्या लाल पेटीत टाकतोय, ती उघडतात तरी काय? पोरगी रोज विचारते. लिवताना हात आडवा धरून लिवते, मला एक अक्षर वाचू देत नाही, आणि पेटीत टाकलं की आत पडल्याचा आवाज आला काय म्हणून कान लावते.

काय की:

पाऊण तासावर आई आहे म्हणालास. गाडी काढून जा की बाबा. पन्नास पैशाच्या कार्डापायी एवढं मोठं लिहिलास तेवढ्यात शिनोळी आली असती. आणि पोस्टाच्या पेट्याच काढणार म्हणून फिरत होतं ना व्हॉट्सअपवर?

खानापूर लोकल:

@काय की, तू जातोस काय रोज आईकडं? मग.

माग भाऊ, आमच्यात कार्ड म्हटलं की आधी कोपरा बघायची सवय होती. पोस्टमन लांबनं दिसला की आज्जी ओरडायची, कोपरा बघा आधी कोपरा. कोपरा फाडलेला असला म्हणजे कोणतरी गेलं, ते कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि मग अंघोळ. एकदा कणकुंबीच्या मामाचं कार्ड आलं कोपरा गेलेला, आज्जीनं अंगणातच बसकण मारली, रडारड, शेजारच्या बायका आल्या. वाचायला कोण तयार नाही. शेवटी माझ्या थोरल्या भावानं वाचलं तर आत लिहिलेलं, फणस भरपूर लागलेत, पोरांना पाठवा. कोपरा मामाच्या घरातल्या उंदरानं खाल्लेला. आज्जी त्यानंतर वर्षभर मामाशी बोलली नाही, आणि फणस काय आणायला पाठवलं नाही ते वेगळंच. तेव्हापासनं मामा प्रत्येक कार्डावर पहिली ओळ लिहायचा, 'कार्ड धड आहे, सर्व खुशाल'.

आरएमएस अण्णा:

माझी नोकरी टपालात गेली, बरीचशी आरएमएसला, म्हणजे रेल्वेतल्या टपालाच्या सॉर्टिंगला. म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, पेट्या काढणार वगैरे काही नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्याचं लोकांनी पेट्या गेल्या असं केलं. तारसेवा (टेलिग्राम) बंद झाली ती २०१३ च्या जुलैमध्ये. कार्ड चालू आहे. १८७९ च्या १ जुलैला आपल्याकडं पहिलं कार्ड निघालं पाव आण्याला, तेव्हापासून चालूच आहे. ५० पैशात सरकारला परवडतं असं नाही, खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. मध्ये २००२ साली मेघदूत कार्ड काढलं होतं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेलं, ते २५ पैशाला. तरी ह्यात पोस्ट कमावत नाही.

आता तुमचा घोटाळा. जे परत आलं त्या कार्डावर पिनकोडच्या सहा चौकटी असतात ना, त्यात काय घातलंय बघा. मी पैज लावतो, पोरीनं तुमचा शहापूरचा पिन घातलाय. पोरंच काय, मोठी माणसं पण घालतात, आपला पाठ असतो म्हणून. त्या चौकटी ज्याला पाठवायचं त्याच्यासाठी. सॉर्टर पत्ता वाचत बसत नाही, त्याला वेळ नसतो, तो आकडा बघतो. पहिला आकडा ५ म्हणजे कर्नाटक, आंध्र, तेलंगण. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिल्या तीन आकड्यांत जिल्हा कळतो, ५९० ५९१ आपलं बेळगाव, ४१६ कोल्हापूरकडचं. तुम्ही वर मोठ्या अक्षरात चंदगड लिहा नाहीतर चंद्र लिहा, चौकटीत ५९० दिसलं की ते शहापूरच्या पिशवीत. पिन आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतात काव्य करणारे गृहस्थ. त्याच्या आधी एकाच नावाची दहा गावं असायची आणि सॉर्टरला ती तोंडपाठ लागायची. नागनवाडी, हलकर्णी, नावं घेतली की आमचे जुने लोक खण दाखवायचे डोळे मिटून.

दुसरं, पिन मराठी आकड्यात घातला असेल तर तो बदला. पत्ता मराठीत चालतो, खुशाल घाला, चंदगडला मराठीच वाचतात. पण पत्र निघतं इकडून, आणि इथं पिशवी बांधणारा पोरगा विजापूरकडचा असला तर त्याला मराठी ४ हा इंग्रजी ८ वाटतो आणि मराठी १ हा ९ वाटतो. ४१६ चं ८९६ झालं की गेलं ते कुठंतरी फिरायला. आकडे इंग्रजी, सुटे सुटे.

बॉर्डरचं म्हणाल तर बॉर्डर पत्राला नाही, सर्कलला, म्हणजे टपाल खात्याच्या विभागाला आहे. इकडं कर्नाटक सर्कल, तिकडं महाराष्ट्र सर्कल. बस जाते तशी पिशवी वेंगुर्ला रोडनं सरळ जाते असं नाही, तिचे मार्ग ठरलेले असतात. त्यामुळं पाऊण तासाच्या गावाला कार्ड आठ दिवसांनी पोचलं तर हरवलं म्हणू नका.

आणि एक. तिकडं खेड्यात ग्रामीण डाक सेवक असतो, त्याची ड्युटी दिवसाचे चार पाच तास, वाड्या लांब. प्रत्येक दारात जातोच असं नाही, चार माणसं जमतात तिथं ठेवून जातो. तेव्हा तिसरं चौथं कार्ड घरात विचारू नका, गावात विचारा.

शहापूरचा माग:

अण्णा पाया पडतो. आत्ता बघितलं. चौकटीत ५९०००३, मराठीत, शिवाय भोवती फुलं काढलीत. पोरीला सांगितलं तर म्हणाली मग पोस्टमन मामाला समजायला पाहिजे होतं, आजी लिहिलंय की.

कार्ड वाचायचं नसतं काय हो तुम्ही लोकांनी?

आरएमएस अण्णा:

वाचायचं नाही असा नियम. पण उघडा मजकूर समोरून जाताना डोळ्याला काय कुलूप घालता येतं?

रात्री चालत्या गाडीत सॉर्टिंग करायचो, मिरज लोंडा लाइनला. समोर लाकडी खण, एका हातात गठ्ठा, गाडीच्या हेलकाव्याला धरून कार्ड खणात मारायचं. त्यात दिसायचीच. मुंबईला गिरणीत गेलेल्या पोरांची कार्डं मला लांबून ओळखू यायची कारण पत्ता एका हाताचा आणि मजकूर दुसऱ्या हाताचा. गावच्या मास्तरांकडून चार कार्डांवर घरचा पत्ता घालून घ्यायचा, ती पोराच्या ट्रंकेत ठेवायची, पोरानं तिकडं उतरलं की नुसतं लिहून टाकायचं. असं एक कार्ड आठवतंय, पाठीमागं पूर्ण मोकळी बाजू आणि मधोमध एकच शब्द, पोचलो. शाईचा थेंब पडलेला त्याच्याखाली. मी ते खणात टाकताना वरच्या बाजूला ठेवलं. वर ठेवल्यानं आधी पोचत नाही हे मला माहीत होतं.

फौजीची पोर:

अण्णांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, नाहीतर मी इथं फक्त वाचून जाते.

बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. मराठा सेंटर बेळगावातच त्यामुळं लोकांना वाटतं फौजी म्हणजे कॅम्पात असणार, पण सेंटर ट्रेनिंगपुरतं, नंतर पलटण कुठं ते घरच्यांना पण माहीत नसतं. पत्त्यावर गाव नसायचंच. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली केअर ऑफ ५६ एपीओ. मी शाळेत भूगोलाच्या बाईंना विचारलेलं ५६ एपीओ कुठल्या राज्यात आहे. बाईंनी नकाशात शोधलं पण होतं. ५६ म्हणजे टपाल दिल्लीकडून जाणार, ९९ म्हणजे कोलकात्याकडून, एवढाच अंदाज. बाबांची बदली झाली हे आईला ५६ चं ९९ झालं की कळायचं.

बाबा प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात नंबर टाकायचे. कारण नऊ नंबरचं आधी यायचं आणि सात नंबरचं नंतर. आई आलेलं कार्ड लगेच वाचायची नाही, हे कुणाला पटणार नाही पण खरं आहे. सात आलं नाही तर नऊ पिठाच्या डब्याखाली ठेवायची. पोस्टमन मामा म्हणायचे वैनी सगळं बरं आहे, मी बघितलंय, वाचा तुम्ही. तरी नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात मात्र डबा वगैरे सगळं सोडलं, रस्त्यावरच वाचायची, चप्पल न घालता. तेव्हाच्या एका कार्डावर नंबरच नव्हता. आई म्हणाली नंबर टाकायला विसरलेत म्हणजे गडबडीत आहेत, आणि दिवसभर तेच, नंबर का नाही, नंबर का नाही.

बाबा रिटायर होऊन आले, आता अनगोळात असतात, सकाळी फिरायला जातात. ट्रंकेत १ ते ३१२ आहेत, २०४ नाही. ते आलंच नाही. बाबांना विचारलं काय लिहिलेलं तर म्हणतात काय आठवणार, पाऊस कसा आहे विचारलं असेल.

कुंदा डाक:

मी हिंदवाडीची. मी तर अनोळखी लोकांना पाठवते! पोस्टक्रॉसिंग म्हणून आहे, २००५ मध्ये पोर्तुगालच्या पावलो मागाल्याइश नावाच्या मुलानं सुरू केलेलं. तुम्हाला कुणाचा तरी पत्ता मिळतो, तुम्ही कार्ड पाठवायचं, कार्डावर एक नंबर टाकायचा. ते पोचून त्यानं नंबर नोंदवला की मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी मिळतो. म्हणजे ज्याला पाठवलं तो उलट कार्ड पाठवत नाही, दुसरीकडूनच येतं. घरी सांगितलं तर आई म्हणाली भिशीसारखं आहे की हे.

पहिलं कार्ड मला फिनलंडहून आलं. बर्फातलं लाल लाकडी घर, मागं एका आजीनं लिहिलेलं की आज आमच्याकडं उणे अठरा आहे आणि मी दालचिनीचे पाव केलेत. मी ते कार्ड आठवडाभर पर्समध्ये घालून फिरले, कॉलेजात दाखवलं, बाजारात भाजीवालीला पण दाखवलं, ती म्हणाली एवढ्या थंडीत भाजी कुठली मिळते त्यांना. प्रश्न बरोबर होता, मला पण माहीत नव्हतं.

माझी अडचण वेगळी आहे. बेळगावचं चित्र असलेलं कार्ड विकत मिळतच नाही. गोव्याला गेलं की दुकानं भरून असतात, आपल्याकडं आख्खा खडेबाजार पालथा घातला, लग्नपत्रिका मिळाल्या. मग मीच करते. किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, गोकाक धबधब्याचा फोटो स्टुडिओतून काढून घ्यायचा आणि जाड कार्डशीटवर चिकटवायचा. आमचं सरकारी कार्ड असतं ना, १४ बाय ९ सेंटीमीटर, साधारण त्याच मापाचं कापते. कमल बस्ती १२०४ सालची आहे असं लिहिलं एका जर्मन माणसाला, त्यानं उत्तरात मेसेज केला की छतातलं कमळ पंधरा मिनिटं बघत बसलो. आणि एकदा नुसता कुंद्याचा फोटो पाठवला, मागं रेसिपी. जागा संपली म्हणून साखर किती ते राहिलंच. बिचाऱ्या बाईनं काय केलं असेल.

जेल पेननं लिहू नका, एवढंच सांगते. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पेटीतच कार्ड ओलं होतं, जेलचं सगळं निळं पाणी होतं. बॉलपेन. परदेशी पाठवताना काउंटरला दाखवून तिकिटं लावा आणि डोळ्यादेखत शिक्का मारून घ्या, चांगली तिकिटं असली की वाटेत निघून जातात असा माझा अनुभव. एका पोस्टात मला चित्रवाली तिकिटं मागितल्यावर म्हणाले तुम्हाला पत्र पाठवायचंय की प्रदर्शन भरवायचंय. दोन्ही, म्हटलं.

काय की:

बरं बरं. मी मगाशी गंमत केली. पण पत्त्यात बेळगाव लिहायचं का बेळगावी? का बेलगाम? २०१४ पासून सरकारी नाव बदललंय ना. नाहीतर परत पाठवतील.

निपाणी नाका:

हा विषय इथं काढू नका, परवाच दोन धागे बंद पडलेत त्याच्यावर. ५९ नं सुरू होणारा आकडा नीट घाला, बाकी आपल्या मनात जे आहे ते लिहा. माझी बहीण इचलकरंजीहून अजून बेळगांव असं अनुस्वार देऊन लिहिते, ते पण येतं.

आमच्याकडं कार्ड जायचं ते सांगली आकाशवाणीला. फर्माईश. आख्ख्या गल्लीची नावं एका कार्डात बसवायची, बबन, सुरेश, शोभा, मंगल आणि समस्त मित्र परिवार, निपाणी. गाणं कुठलं पण लागू दे, नाव घेतात काय म्हणून सगळे ट्रान्झिस्टरला चिकटून. एकदा माझं नाव चुकवलं, अजून मित्र त्याच नावानं हाक मारतात. आणि आमच्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी, ते धारवाडला बसून पत्रं लिहायचे, भेटायला आलेल्या माणसाला टाळायचे पण पत्राला उत्तर द्यायचे. माझं पण तसंच आहे, माणूस समोर आला की मला सुचत नाही. फक्त जीएंसारखं लिहिता येत नाही एवढाच फरक.

शहापूरचा माग:

तीन आठवड्यांनी परत आलोय. कार्डांचा पत्ता लागला. आणि माझा कार्यक्रम झाला.

अण्णांनी सांगितलं तसं पोरीनं पिन इंग्रजीत सुटा सुटा घालून दोन कार्डं अजून टाकली. गेल्या रविवारी तिघं गावाला गेलो, पोरगी मधी, बायको मागं. संध्याकाळची दूध घालायची वेळ म्हणून म्हटलं आई संस्थेतच असणार, तिथंच थांबलो. गाडी स्टँडला लावतोय तेवढ्यात ओट्यावरचा एक म्हातारा म्हणतो, काय रे, मडगार्ड केलंस काय? म्हटलं कसलं मडगार्ड? दुसरा म्हणाला अरे ते कुत्रं आडवं आलं नाही काय पेट्रोल पंपापाशी, फोनवर बोलत चाललावतास म्हणे. आता बायकोला मी सांगितलेलं की गाडी पार्किंगला होती आणि कोणतरी ठोकून गेलं. मागनं आवाज आला, कुठलं कुत्रं?

पोरीकडं बघितलं तर ती दुधाच्या कॅनमागं.

संस्थेत आत गेलो. काट्याच्या वर खिळ्याला तार लावलेली, दुधाची बिलं ओवायला. त्यात बिलांच्या मधी मधी माझ्या पोरीची कार्डं. चारही, म्हणजे तिसरं, चौथं आणि नंतरची दोन. मधोमध भोकं पाडून. डाक सेवक सगळ्या गावचं टपाल तिथंच ठेवतो कारण सकाळ संध्याकाळ प्रत्येक घरातलं कोणतरी येतंच. आईचं कार्ड आलं की शेक्रेटरी वाचून दाखवतो आणि आईला ऐकू येत नाही म्हणून ओरडून वाचतो, आणि तेव्हा लाइनीत पंचवीस माणसं चरव्या घेऊन उभी. माझ्या घरात भाजी काय होते, माझं वजन किती वाढलंय, हिंदीत पोरीला किती मार्क पडले ते मम्मीला सांगितलं नाही, मी झोपेत काय बडबडतो, सगळं गावाला पाठ. मडगार्ड चौथ्या कार्डात.

मी आईला म्हटलं अगं तुला वाचता येतं की, घरला नेऊन वाचायचं नाही काय. म्हणाली, पहिलं नेलंवतं, वाचलं, देवापाशी ठेवलं, मग काय करू? हितं ठेव म्हटलं त्याला, सगळ्यास्नी ऐकू दे. फोनवर मिळालं काय विचारलं तर काय म्हणालीस विचारलं. हां म्हटलंवतं की, म्हणाली.

बायको दोन दिवस बोलली नाही. काल बोलली, हिंदीच्या मार्कांवरनं.

आणि आज दुपारी आईचं कार्ड आलं, सहा दिवसात. पिन बरोबर, इंग्रजीत, अक्षर शेक्रेटरीचं दिसतंय चौकटीत, बाकी आईचं. जसंच्या तसं लिवतो.

'॥ श्री ॥ चि. छकुलीस आजीचा अनेक आशीर्वाद. म्हैस व्याली, रेडी झाली. पाऊस बरा. तुझी कार्डं मिळतात. अक्षर जरा मोठं काढ, शेक्रेटरीचा चष्मा बदलायचा हाय. पप्पा रात्री काय बडबडतो ते अर्ध्यावर तोडलंस, पुढचं लिव. ता.क. मडगार्डला किती पैसे लागले ते कळव, हितं पैज लागलीया.'

काय की, तू गाडी काढून जा म्हणालावतास ना, आता त्या गावात गाडी न्यायची सोय राहिली नाही.

पोरगी लिवायला बसलीय. हात आडवा धरूनच.